निकालाचं सुतक

आमच्या ग्रंथालयात निकाल मरायचे. तुम्ही म्हणाल, बाई काहीतरीच बोलतेय, निकाल कसे मरतील? पहिल्या आठवड्यात मलाही असंच वाटलं होतं, आणि त्यापायी मी एका भल्या घरी पिठलं-भाताचा डबा घेऊन गेले होते. तो किस्सा सांगतेच, पण आधी माणूस सांगू दे.

माणूस म्हणजे आमचे ग्रंथपाल. त्यांना सगळे 'सार' म्हणत. चेन्नईत सरांचा सार होतो, त्याला इलाज नाही. मैलापुरात देवळाच्या तलावामागं एका गल्लीत कायद्याच्या पुस्तकांचं एक जुनं ग्रंथालय होतं. मैलापुरात वकील फार. सकाळी कोर्टात जायच्या आधी आणि संध्याकाळी तिकडून आल्यावर ते इथं येऊन बसत, आणि ज्यांना कोर्टात फारसं काम नसे ते दिवसभर बसत. माझ्या यजमानांची श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात बदली झाली म्हणून आम्ही मिरजेहून इकडं आलो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कंपनीची बस पहाटे त्यांना घेऊन जायची ती दिवेलागणीला आणून सोडायची. मुलं आपापल्या वाटेनं गेलेली. दिवसभर मी मराठी बोलायची ती भिंतीवरच्या पालीशी, आणि तीही तमिळच असणार. मग कळलं की ग्रंथालयात टायपिंग येणारी बाई हवी आहे. टायपिंग मला येत होतं. मॅट्रिकनंतर लग्न झालं, पुढचं जे काय शिकले ते माझं मीच. इंग्रजी मी टाईप करून करून शिकले, वाचून नव्हे.

मुलाखत सारांनीच घेतली. अर्जावरचं नाव वाचून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि चक्क मराठीत विचारलं, "वरच्या कां तुम्ही?"

वरच्या म्हणजे महाराष्ट्रातल्या. जसे काही आपण सगळे माळ्यावर राहतो. सारांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तंजावरचं. त्यांची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी आणि चाल मात्र अस्सल तमिळ. प्रत्येक वाक्य शेवटाला जरा उचलून खाली ठेवायचं, पाटावर तांब्या ठेवल्यासारखं.

"हो, मिरजेची," मी म्हटलं.

"टायपिंग येतें?"

"येतं."

"अथॉरिटी?"

मी गोंधळले. पिशवीतून सर्टिफिकेट काढून दिलं. त्यांनी ते उजेडात धरून मागूनपुढून पाहिलं आणि म्हणाले, "सरी. उद्यां या." सरी म्हणजे बरं.

हा त्यांचा शब्द. अथॉरिटी म्हणजे आधार. तुम्ही जे म्हणता ते आधी कोण म्हणालंय, कुठं, कुठल्या पानावर. वकिलांना विचारलं तर ठीक, पण सार सगळ्यांना विचारत. मी म्हटलं, आज बस उशिरा येणार आहे. "अथॉरिटी?" भाजीवाला म्हणाला, शेवग्याच्या शेंगा कोवळ्या आहेत. "अथॉरिटी?" डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा डॉक्टरांनाही विचारलं म्हणे. डॉक्टर मैलापूरचेच होते, वकील पुष्कळ बघितलेले होते. त्यांनी रक्तदाबाचं यंत्र सारांच्याच दंडाला बांधलं, आकडा दाखवला, आणि म्हणाले, ही घ्या. त्या डॉक्टरांना सार शेवटपर्यंत फार मानत.

दारातून आत आलं की समोर एक फळा होता. रोज सकाळी सार येऊन आधी तो ओल्या फडक्यानं पुसत. वर पांढऱ्या खडूनं कायद्याची ताजी बातमी: कुठल्या कोर्टानं काय ठरवलं, कुठला नियम बदलला. खाली पिवळ्या खडूनं एक कानमंत्र, कायद्यात शोध कसा घ्यायचा त्याचा. सगळं इंग्रजीत, वळणदार. वकील मंडळी चप्पल काढता काढता फळा वाचत. काही तर फळा वाचून तसेच परत जात.

ते कानमंत्र मी टाईप करून ठेवायची, माझ्यासाठीच. "सूचीवर शेजाऱ्याइतका विश्वास ठेवा: विचारा जरूर, पण घराची किल्ली देऊ नका." "निकालात आपल्या बाजूचं वाक्य सापडलं की थांबू नका, पुढच्या परिच्छेदात न्यायमूर्ती 'परंतु' म्हणतात." आणि दर पंधरवड्याला शब्द बदलून येणारा एक: "हेडनोटवर विसंबू नका." हेडनोट म्हणजे निकालाच्या डोक्यावर छापलेला सारांश. तो न्यायाधीशानं लिहिलेला नसतो, छापणाऱ्याच्या माणसानं लिहिलेला असतो. सार म्हणायचे, "हेडनोट म्हणजे मध्यस्थानें केलेलें मुलीचें वर्णन. मुलगी पाहायला तुम्हीच जा."

आता मरण्याचं. एखादा जुना निकाल असतो, त्याच्या जोरावर वर्षानुवर्षं वकील भांडतात. मग एक दिवस मोठं खंडपीठ म्हणतं, तो निकाल चुकीचा होता. झालं, संपला तो. त्याच्यावर विसंबून कोर्टात उभं राहिलात तर फजिती. म्हणून सारांकडं कुणी पुस्तक मागितलं की सार आधी विचारत, "जिवंत आहे कां पाहिलें?" त्यांच्या लेखी निकाल चार तऱ्हेचे. जिवंत. आजारी, म्हणजे नंतरच्या कोर्टांनी ज्याच्याबद्दल शंका घेतली तो. अंथरुणाला खिळलेला, म्हणजे 'तो त्या खटल्यापुरताच खरा होता' असं म्हणून सगळे ज्याला टाळतात तो. आणि वारलेला.

निकाल वारला की सार घरून करून आणलेली मैद्याची खळ काढत. तिच्यात मोरचूद असे, नाहीतर झुरळं खळीबरोबर कायदाही खातात. एक चिठ्ठी लिहून त्या पानावर डकवायची, मग ते पुस्तक त्या दिवसापुरतं कपाटात आडवं झोपवायचं. आणि त्या दिवशी सार कॉफीत साखर घेत नसत. सुतकात गोड नको.

मला बिचारीला हे कोण सांगणार? नोकरीला लागून चार दिवस झालेले. सकाळी कोपऱ्यावरचा कॉफीवाला आला, सार म्हणाले, "साखर नको." चेहरा उतरलेला. दोन वकील आले, सारांना बघून हळू आवाजात म्हणाले, "आज कोण?" सार म्हणाले, "म्हातारा होता. पण असा जाईल असें नव्हतें वाटलें." वकील च् च् करत आत गेले.

मी धीर करून विचारलं, "सार, घरातलं कुणी?"

"घरांतलेंच म्हणा," सार म्हणाले. "मी इथें लागलों त्या दिवसापासून ओळख."

आपल्याकडं सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात नेऊन देतात. मी दुपारी सुट्टी घेतली, घरी आले, पिठलं ढवळलं, भात केला आणि पत्ता विचारत सारांच्या घरी गेले. दार उघडलं ते एका ठेंगण्या, टुणटुणीत बाईंनी. हाताला पीठ, आत कढईत काहीतरी तळत असल्याचा चुरचुर आवाज. सुतकाच्या घरात तळण? म्हटलं, असेल बाई इकडची रीत.

"मी ग्रंथालयातली," मी पदर सावरून म्हटलं. "सकाळी कळलं. फार वाईट झालं."

"काय वाईट झालें?"

"सारांचे... ते म्हातारे."

बाईंनी क्षणभर माझ्याकडं बघितलं, मग डब्याकडं, आणि दाराला धरून हसत सुटल्या. हसता हसता आत ओढूनच नेलं मला. "अय्यो, कोणी मेलें नाहीं. त्याचें एखादें कलम गेलें असेल. बसा. बसा की."

या सारांच्या थोरल्या बहीण. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही. त्यांनी माझं पिठलं बोटावर घेऊन चाखलं आणि विचारात पडल्या. "ह्यांत चिंच कोठें आहे? वांगें कोठें आहे?" त्यांच्याकडं पिठलं म्हणजे चिंच, वांगं, डाळ घातलेलं आंबट दाटसर कालवण. मी म्हटलं, आमच्यात हे असंच. "पाप," म्हणजे बिचारी, असं म्हणून त्यांनी सगळं संपवलं, आणि मला ताजे वडे खायला घातले. वडा मोडला तर आतून कापसासारखा. त्या दिवसापासून सारांबरोबर ग्रंथालयात दोन डबे यायला लागले, एक त्यांचा आणि एक 'मिरजकरणीचा'. अक्का घरात सारांना काय म्हणत माहितीये? तंबी. म्हणजे धाकला भाऊ. साठीला आलेला, आख्खं मैलापूर ज्याला बिचकतं असा माणूस, आणि आतून हाक यायची, "तंबी, पाय धुतलेस कां?"

मध्ये एकदा ग्रंथालयात कॉम्प्युटर आला. त्यात सीडीच्या चकत्या घालायच्या आणि शब्द लिहिला की निकाल बाहेर. सगळ्यांना वाटलं, आता सार फुरंगटणार. तसं काही झालं नाही. सारांनी त्याला पिवळं आवरण शिवून घेतलं, खुर्ची ओढून समोर बसले, आणि उमेदवाराची घेतात तशी मुलाखत घेतली. एक शब्द लिहिला. कॉम्प्युटरनं निकालांचा ढीग ओतला. सार म्हणाले, "हुशार आहे. विचारलें तें सोडून सगळें ठाऊक आहे." दुसऱ्या दिवशी फळ्यावर पिवळ्या खडूनं: "यंत्राला विचारण्यापूर्वी आपल्याला काय विचारायचं आहे ते ठरवा. हे बायकोलाही लागू." सारांनी लग्न केलं नव्हतं. एक तरुण वकील मागून ओरडला, "अथॉरिटी, सार?" सारांनी फडकं घेतलं आणि शेवटचं वाक्य निमूटपणे पुसलं. न्यायाला न्याय.

तर आता मुख्य गोष्ट, अक्कांची.

डब्याचा वास काही लपत नाही. मी मागच्या ओसरीवर डबा उघडला की दिवसभर बसणारे वकील कायद्याची पुस्तकं मिटून तिकडं फिरकायला लागले. डांगर पचडी म्हणून एक प्रकार असायचा, उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं, वर फोडणी. तो खाऊन आमचे सेक्रेटरी, तेही म्हातारे वकीलच, डोळे मिटून बसले. बायको गेल्यापासून हॉटेलचं खाऊन त्यांच्या पोटाचं वाटोळं झालं होतं. ते म्हणाले, "ह्या बाई रोज दुपारी दहाबारा जणांचं जेवण करून देतील का? ओसरीवर वाढायचं. रीतसर पैसे देऊ."

मी संध्याकाळी अक्कांना जाऊन सांगितलं. अक्का मांडणीवरच्या पातेल्यांकडं बघत राहिल्या, कुठलं किती जणांचं ते मोजत असाव्यात.

रात्री त्यांनी सारांना विचारलं. सार म्हणाले, "बाबांचा निकाल आहे. ह्या घरचें अन्न विकत जाणार नाहीं."

विषय संपला. त्यांच्या घरात हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. अक्का लहान असताना तंजावरच्या घरी त्यांच्या वडिलांनी ते उच्चारलं, आणि तेव्हापासून ते घरावर छत्रीसारखं उघडं धरलेलं. सार म्हणायचे, तो फुल बेंचचा निकाल, कारण त्या वेळी बाबा, काका आणि आई तिघंही हजर होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले तर अक्का चिंच कोळत होत्या. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यांचा नवरा गेला, तेव्हापासून त्या माहेरी. आई-वडिलांचं म्हातारपण त्यांनी काढलं, तंबीला त्यांनी वाढवलं.

"तंबी मला कधीं काहीं कमी करत नाहीं हो," त्या म्हणाल्या. "मागितलें कीं देतो. पण मागावें लागतें की. एकदां तरी न मागतां काहीं घ्यावें असें वाटतें."

"काय घ्याल?" मी विचारलं.

"तें कां सांगूं तुम्हाला?" अक्का म्हणाल्या. "तेंच तर."

मला ते इतकं पटलं की मी गप्पच बसले. मी गप्प बसले हे आमच्या घरी कुणाला सांगितलं तर अथॉरिटी मागतील.

इकडं सेक्रेटरी घाई करत होते. पुढच्या महिन्यापासून बाई देणार नसतील तर रस्त्यापलीकडच्या हॉटेलशी ठरवून टाकतो म्हणाले. अक्कांनी मला विचारलं, "तुम्ही तिथें बसतां. निकाल कसा मारायचा तें सांगा."

मग मी माझे टाईप केलेले कानमंत्र घेऊन गेले आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून एकेक मराठीत सांगायला लागले. मोठं खंडपीठ शोधा. बाबांच्यावर कोण? आजोबा. पण आजोबांनी जेवणाबद्दल कधी काही म्हटल्याचं अक्कांना आठवेना. ते फक्त तंबाखूबद्दल बोलत. मग पुढचा: त्या खटल्याची हकिगत वेगळी होती असं दाखवा. अक्का म्हणाल्या, हकिगत मला अर्धीमुर्धी ठाऊक आहे, मी तेव्हां दोन वेण्यांची होतें. मग पुढचा.

"हेडनोटवर विसंबू नका," मी वाचलं.

"म्हणजे काय?"

"निकाल मोठा असतो ना, म्हणून वर कुणीतरी थोडक्यात लिहून ठेवतं. ते न्यायाधीशाचं नसतं. घाईत लिहिताना एखादा शब्द गळतो, आणि लोक तेवढंच वाचून भांडतात."

अक्कांच्या हातातली पळी हवेत थांबली. रस्समचा थेंब चुलीवर पडून चुर्र झाला.

"आईनें सांगितलेलें," त्या हळूच म्हणाल्या. "तें तर आपल्याला आईनें सांगितलेलें."

अक्कांनी निकाल पुन्हा तपासायला सांगितलं, तशी सारांनी सुनावणी शनिवारी दुपारी ग्रंथालयात ठेवली. घरात नको म्हणाले. घरात त्या थोरल्या, तिथं त्यांच्यापुढं निकाल देणार कसा? वाचक गेल्यावर त्यांनी गळ्याचं बटण लावलं आणि काउंटरमागं ताठ बसले. अक्का सुती साडी नेसून, छत्री आणि चार पुडाचा डबा घेऊन आल्या. रिकाम्या हातानं कोर्टात कसं जायचं म्हणे.

सारांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही ह्यांच्या वकीलबाई कां?"

"नाही सार, मी पंखा लावायला थांबलेय."

"अक्का, बस."

"बसून बोलायचें तर घरींच बोललें असतें की."

"काय मागणें आहे?"

"तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. कोर्टाला नाहीं."

अक्कांनी पदर खोचला. "मला इथें दुपारचें जेवण करून विकायचें आहे. ते पैसे माझे. तूं विचारायचें नाहीं काय केलें."

"बाबांचा निकाल आहे," सार म्हणाले. "फुल बेंच."

"तूं ऐकलास?"

"मी हजर होतों."

"पाळण्यांत होतास. पायाचा अंगठा चोखूं लागला होतास."

मी पंख्याच्या बटणाकडं तोंड केलं.

"मग निकाल तुला कोणीं सांगितला?" अक्कांनी विचारलं.

"आईनें."

"पूर्ण सांगितला कां थोडक्यांत?"

सारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या मागंच फळा होता. त्यांनी मान वळवली नाही, पण त्यांना पाठीला तो लागत असावा.

मग अक्कांनी हकिगत सांगितली. आजोबांचं श्राद्ध होतं. आईनं वडे पुष्कळ केले, उरले. काकांनी ते गुपचूप गल्लीच्या टोकाला चहाच्या दुकानात दिले आणि पैसे घेतले. बाबांना कळलं. बाबा ओरडले ते असं: श्राद्धाचं अन्न विकत जाणार नाही. 'श्राद्धाचं' म्हणाले ते. पुढं आई मुलांना सांगायची तेव्हा तिनं दिराची अब्रू झाकली. श्राद्ध, वडे, दुकान सगळं वगळलं आणि एवढंच ठेवलं: आपल्या घरचं अन्न विकत नाहीत.

"साक्षीदार?" सारांनी विचारलं.

"मी."

"तुझा ह्यांत फायदा आहे. तुझी साक्ष चालणार नाहीं."

"मग काकाला विचार," अक्का म्हणाल्या. "आरोपी जिवंत आहे."

खरंच होता. नव्वदीच्या आसपासचा काका तंजावरला होता, कानानं अधू, बाकी ठणठणीत. सारांनी काउंटरवरचा फोन फिरवला. दोन्हीकडून ओरडणं, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"काका, ते वडे."

"कोण मेलें?"

"कोणी नाहीं. वडे. तुम्ही विकलेले."

तिकडं खोकला. मग काकांचा आवाज आला, इतक्या वर्षांनी तितकाच दुखावलेला. "अजून तेंच कां? मी विकले नाहींत. चहावाला चांगला माणूस, त्यानें आपण होऊन पैसे दिले. समोरून देतो त्याला नको कसें म्हणावें?"

"श्राद्धाचे होते कां?"

"श्राद्धाचेच. म्हणून तर दादा पेटला. एरवीं मी त्याला मुरुक्कु विकायचों, तेव्हां दादा कधीं बोलला नाहीं. उलट खायला मागायचा. आणि ऐक, वडे खारट झाले होते, तेंही लिहून घे."

"खारट नव्हते," अक्का इकडून ओरडल्या. "आईनें केले होते."

सारांनी फोन ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील हो. पण सार ते सार.

"निकाल राखून ठेवतों," ते म्हणाले.

"किती दिवस?"

"कोर्टाला तें विचारायचें नसतें."

"सरी," अक्कांनी काउंटरवरचा चार पुडाचा डबा उचलला. "मग डबाही राखून ठेवतें." छत्री उघडून त्या गेल्यासुद्धा. सार डब्याकडं बघत राहिले, तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत.

पुढचे दिवस वाईट गेले. डबे येईनात. सार दुपारी कॉम्प्युटरवर 'हेडनोट' असा शब्द घालून काहीतरी शोधत बसायचे. मला अक्कांकडं जायला धजवेना. महिना संपत आला. सेक्रेटरींनी हॉटेलवाल्याला बोलावून ओसरी दाखवलीही.

मग एक सकाळ. मी आले तेव्हा सार माझ्या बरेच आधी आलेले दिसले, कारण फळा ओला होता आणि त्यांचे हात खडूचे होते. कॉफीवाला पितळी पेला घेऊन आला.

"साखर नको," सार म्हणाले.

माझी नजर आपोआप कपाटांवर गेली. एकही पुस्तक आडवं नव्हतं. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. सगळी उभी. मग मी फळ्याकडं पाहिलं. वर पांढऱ्या खडूनं: "तंजावरचा एक जुना घरगुती निकाल आज सकाळी वारला. ग्रंथालयाच्या ओसरीवर आजपासून दुपारचं जेवण मिळेल." खाली पिवळ्यानं: "हेडनोट आईनं लिहिलेली असली, तरी मूळ वाचा."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पण सार, बाबांचा निकाल तर जिवंतच आहे की. श्राद्धाचं अन्न विकायचं नाहीच. मेली ती नुसती हेडनोट. तिचं कसलं सुतक?"

सारांनी बिनसाखरेची कॉफी एका घोटात संपवली. "इतकीं वर्षें घरांत राहिली हो," ते म्हणाले. "आईची होती."

दुपारी अक्का रिक्षातून आल्या. मोठी पातेली, केळीची पानं, आणि कमरेला नवा कोरा बटवा, रिकामा. ओसरीवर वकील ओळीनं बसले. सेक्रेटरी पहिल्या पानावर. सार शेवटी, भिंतीकडं, पाहुण्यासारखे. अक्का वाढत आल्या. भात, सांबार, डांगर पचडी. मग बोळी, म्हणजे आपली पुरणपोळी, तुपात माखलेली. सारांनी पानावर हात आडवा धरला.

"सुतक आहे," ते म्हणाले. "आज गोड नको."

"सरी," अक्का म्हणाल्या. "उद्यां वाढतें. पण उद्यांपासून पानाचे पैसे द्यायचे."

"मी?" सारांनी मान वर केली. सेक्रेटरींचा घास हातातच राहिला. "मी घरचा माणूस. मी कां द्यावे? अथॉरिटी?"

अक्कांनी बोळीचं ताट दुसऱ्या हातात घेतलं.

"मी," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पानाकडं वळल्या.

सारांनी थोडा विचार केला. मग पानावरचा हात काढला, आणि शर्टाच्या खिशात घातला.